पावणेदहा इंचाचा चौथा चौकोन: एका डबलबेड गोधडीच्या कापडाचा हिशोब

पार्श्वभूमी

मी बिबवेवाडीत राहते आणि बारा वर्षं झाली घरीच गोधड्या शिवून देते. सोबत दोघीजणी आहेत, त्यातल्या थोरल्या मावशी कापायचं काम बघतात, आणि त्यांचा धावदोरा असा की गोधडी उलटी की सुलटी ते टाक्यावरून कळत नाही. हे प्रकरण मागच्या पावसाळ्यातलं आहे. कोणाची नावं घालत नाहीये पण आकडे वहीत जसे आहेत तसेच ठेवलेत, कारण या सगळ्यात भांडण आकड्यांचंच आहे.

झालं असं की बाणेरहून एक मुलगी आली, तिशीची, आयटीत आहे. तिला इथे नुसतं नात म्हणते. तिच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, पितृपक्ष लागायच्या आत कार्यक्रम उरकायचा होता आणि तिला आजीसाठी आजीच्याच सुती साड्यांची गोधडी हवी होती. दोन पिशव्यांत ११ साड्या घेऊन आली. दोन इरकली, बाकी सगळ्या रोजवापरातल्या, धुऊन धुऊन पार मऊ झालेल्या, एकीच्या पदराला अजून सेफ्टीपिन तशीच होती. बोलता बोलता मला म्हणाली, काकू हजार भागिले बारा केलं तर त्र्याऐंशी येतात ना, मग आजीचं ऐंशी संपल्या संपल्या कसं काय? मी म्हणलं अगं चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे ऐंशी वर्षं दहा महिन्यांतच हजार पौर्णिमा भरतात, सरळ भागाकार केलास की अडीच वर्षं चुकतेस. हे मी अगदी बाईंच्या थाटात सांगितलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नव्हतं म्हणून.

आजीचा पलंग ६ बाय साडेसहा फूट, म्हणजे ७२ बाय ७८ इंच, वर ६ इंचाची गादी. गोधडी ९० बाय १०० ठरवली. मधे १० इंचाचे चौकोन, आडवे ८ आणि उभे ९, असे ७२. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक: ३६ साड्यांचे, प्रत्येक चार तुकड्यांचा, आणि ३६ साध्या निळ्या नव्या कापडाचे. भोवती ५ इंचाची बॉर्डर आणि कडेला गोट, म्हणजे कड झाकणारी दुमडलेली पट्टी, दोन्ही त्याच निळ्यातून. म्हणजे ८० अधिक १० नव्वद आणि ९० अधिक १० शंभर, गणित इतकं गोड बसलं की मला तिथेच संशय यायला हवा होता.

नवीन कापड कशाला, सगळंच साड्यांचं का नाही, असं मावशींनी विचारलं होतं. नातीचं म्हणणं साड्या सगळ्या फिक्या झाल्यात, मधे काहीतरी गडद पाहिजे नाहीतर फोटोत काही दिसणार नाही. बरोबरच होतं तिचं. साड्यांचे तुकडे निळ्याशेजारी ठेवले की एकदम उठून दिसत होते.

हिशोब कसा केला होता

साड्यांबद्दल नातीला फार काळजी, पुरतील ना पुरतील ना. खरंतर साड्या बख्खळ होत्या. ५ इंचाचा तुकडा तयार हवा तर साडेपाच इंचाचा कापायचा, पाव-पाव इंच दोन्हीकडून शिवणीत जातं. असे ३६ गुणिले ४ म्हणजे १४४ तुकडे. साडीचे काठ काढून मधे ३८ इंच धरलं तरी आडव्या ओळीत ६ तुकडे निघतात, म्हणजे एकूण २४ ओळी. सहा साड्यांत वाटलं तर प्रत्येकीतून फक्त ४ ओळी, २२ इंच! साडेपाच मीटरच्या साडीतून जेमतेम अर्धा मीटर. लोकांना नेहमी वाटतं जुनं कापड कमी पडेल आणि नवं उरेल, माझ्याकडे तर बहुतेक वेळा उलटंच होतं. फक्त साडीचा खालचा काठ आणि निऱ्यांचा भाग झिजलेला असतो तो सोडून द्यायचा, कापड उजेडात धरून बघायचं, आरपार दिसायला लागलं की तो भाग बाद.

आता निळं. नातीने फोनवर केलेला हिशोब असा: ३६ चौकोन गुणिले १०० चौरस इंच म्हणजे ३६००, बॉर्डरचे १८००, गोटाचे धरून साधारण ६३७५, भागिले पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४, उत्तर १४५ इंच, म्हणजे पावणेचार मीटरला थोडं कमीच. मी हसले आणि सांगितलं की बाई कापड पाण्यासारखं मोजता येत नाही, लिटरमधे ओतायचं नसतं ते. कापडातून पूर्ण चौकोनच निघतात, अर्धा चौकोन इथे आणि अर्धा तिथे चालत नाही. मग वही काढून तिला माझी रीत दाखवली.

४४ पन्हा म्हणजे कडेची घट्ट वीण कापून ४२ हातात येतं. १० इंचाचा चौकोन कापायचा साडेदहाचा. ४२ भागिले साडेदहा, बरोब्बर ४. म्हणजे ३६ चौकोनांना ९ ओळी, ९ गुणिले साडेदहा म्हणजे साडेचौऱ्याण्णव इंच. बॉर्डरच्या चारही बाजू जोडताना प्रत्येकी साडेनव्वद इंच, एकूण ३६२, त्याला साडेपाच इंच रुंदीच्या ९ पट्ट्या, साडेएकोणपन्नास इंच. गोटाला भोवतीचं माप ३८० आणि वर १० इंच कोपरे दुमडायला, अडीच इंची १० पट्ट्या, २५ इंच. बेरीज १६९ इंच, ४ मीटर ३० सेंटीमीटर.

नातीने मग फोनवर कुठलातरी गोधडीचा कॅल्क्युलेटर काढला, तो म्हणाला पावणेपाच यार्ड. यार्ड म्हणजे आपला वारच, ३६ इंच. १७१ इंच झाले. माझे १६९. दोघी खूश, म्हणलं बघ, मशीनपण तेच म्हणतंय. पण त्या मशीननेही वापरायचं कापड ४२ इंचच धरलं होतं हे आम्ही कोणी बघितलंच नाही! एकाच चुकीच्या खुंटीला दोघांनी दोरी बांधली आणि खुंटी पक्की आहे असं समजून चाललो.

दुकानातला प्रसंग

हा भाग जरा तपशिलात सांगते कारण निर्णय इथेच चुकला.

स्वारगेटहून मेट्रो पकडली, मंडईला उतरले आणि चालत रविवार पेठेत गेले. एका दुकानात मनासारखं कापड मिळालं, निळीत रंगवलेलं दाबू प्रिंट, बारीक पांढरे ठिपके. दाबू म्हणजे चिखलाचा लेप ठशाने लावतात आणि मग रंगात बुडवतात, लेपाखाली रंग चढत नाही म्हणून तिथे नक्षी उमटते. सगळं हाताचं काम, त्यामुळे एका लॉटची निळाई दुसऱ्या लॉटशी तंतोतंत जुळत नाही. हे मला माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं!

दुकानदाराने लोखंडी मीटरपट्टीवर साडेचार मीटर मोजलं आणि मग ताग्यावरचं उरलेलं उलगडून म्हणाला, "ताई, पाऊण मीटर राहतंय, घेऊन टाका, कटपीसच्या भावात लावतो."

मी म्हणलं, "नको भाऊ, माझा हिशोब पक्का असतो."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. खरं कारण हिशोबाचं नव्हतंच, नात शेजारी उभी होती, तिला मी आत्ताच वहीवर शिकवलं होतं, आणि तिच्या पैशाने अंदाजपंचे कापड घेणाऱ्यातली मी नाही हे मला दाखवायचं होतं. टेप माझ्या पर्समधे होता. पन्हा किती विचारल्यावर त्याने ४४ सांगितलं, मीही ४४ लिहिलं, टेप काही बाहेर काढला नाही.

घोळ कसा उघडा पडला

कापड आधी धुतलं, हे मात्र बरोबर केलं. निळीचा रंग सोडतोच, तीन पाण्यांतून काढलं, तिसऱ्या पाण्यानंतर बादलीत नुसता फिका निळसरपणा राहिला. श्रावणातले दिवस, गॅलरीत दोन दिवस वाळत होतं आणि तरी दमट, शेवटी इस्त्रीनेच वाळवलं. जुन्या साड्यांचं एक बरं असतं, त्या इतक्या वर्षांत जेवढं आटायचं तेवढं आटून बसलेल्या असतात. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात शंभराला तीन ते पाच सहज आटतं, आणि ते न धुता साडीशेजारी शिवलं तर पुढे धुतल्यावर नवं आवळतं, जुनं तसंच राहतं आणि गोधडीला बेडकासारखे फुगवटे येतात.

तोपर्यंत साड्यांचे ३६ चौकोन शिवून तयार होते, साडेदहाचे, दाबून इस्त्री केलेले, माझ्या टेबलावर गठ्ठा. एका दुपारी मावशी निळं कापायला बसल्या. कड काढली, पहिली आडवी पट्टी साडेदहाची कापली आणि चौकोन पाडायला लागल्या. एक, दोन, तीन. मग गप्प. मी चहा टाकत होते, आतून आवाज आला, "ताई, चौथा होत नाही वो."

जाऊन बघितलं तर चौथा तुकडा पावणेदहा इंच. मला आधी वाटलं मावशींची पट्टी सरकली. परत मोजलं. मग अख्खं कापड जमिनीवर पसरून तीन ठिकाणी पन्हा मोजला, सगळीकडे सव्वाएक्केचाळीस, कुठे एखादं सूत कमी. म्हणजे ४४ चं कापड मुळात साडेत्रेचाळीसच असणार, धुतल्यावर सव्वा इंच आत गेलं आणि दोन्ही कडा काढल्यावर एवढंच उरलं. लांबी बघितली तर साडेचार मीटरचे १७७ इंच होते त्याचे १६८ झालेले.

आता इथे गंमत बघा. पन्ह्यात कमी पडलं किती, तर पाऊण इंच. पण त्या पाऊण इंचाने ओळीत चारऐवजी तीनच चौकोन बसणार, म्हणजे ९ ओळींच्या जागी १२, साडेचौऱ्याण्णवच्या जागी १२६ इंच. बॉर्डर आणि गोट मिळवले की दोनशे इंच आणि वर अर्धा, हातात १६८. जवळजवळ ८३ सेंटीमीटर कमी. आणि रविवार पेठेत मी नको म्हणलेलं कापड ७५ सेंटीमीटर!

लांबी आटली त्याने फारसं बिघडलं नव्हतं, १६९ हवे होते आणि १६८ होते, एक इंच कुठेही खेचता आला असता. मारलं ते पन्ह्याने. पन्ह्याची चूक पायरीसारखी असते, पायरीच्या काठावर उभं असलं तर अर्धं पाऊल मागे घेतलं तरी माणूस खाली जातो. आणि ४२ भागिले साडेदहा बरोब्बर ४ म्हणजे मी काठावरच उभी होते.

समोरचे पर्याय

कार्यक्रमाला ३८ दिवस होते. ऐकायला पुष्कळ वाटतात पण एवढी गोधडी हाताने भरायला, म्हणजे सगळीकडे धावदोरा घालायला, दोघींना साडेतीन आठवडे लागतात, आणि मधे गणपती, त्यात पाच दिवस कोणी सुई हातात धरत नाही. म्हणजे ठरवायला फार तर दोन दिवस.

पहिला पर्याय साहजिकच, तेच कापड अजून आणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. ते पाऊण मीटर कोणीतरी लहान मुलीच्या फ्रॉकसाठी नेलं होतं. नवीन तागा आला होता, नक्षी तीच पण निळा जरा हिरवटाकडे झुकणारा. दुकानदार म्हणाला धुतल्यावर सेम होईल. मी कापडाचा तुकडा सोबत नेला होता, दुकानाबाहेर उजेडात दोन्ही शेजारी धरले, नाही होणार. तसंही चौकोनांमधे मिसळलं असतं तर चूक म्हणूनच दिसलं असतं, १२ चौकोन वेगळे कशाला असं कोणीही विचारणार.

दुसरा पर्याय, तोच लॉट चौकोनांना वापरायचा आणि बॉर्डर नव्या ताग्याची. हा वाईट नव्हता. चौकट थोडी वेगळी असली तर ती मुद्दाम केल्यासारखी वाटते. पण जवळजवळ सारखा आणि तरी वेगळा रंग मला बघवत नाही, एकतर तोच पाहिजे नाहीतर स्पष्ट वेगळा. हे माझं मत, दुसरी कोणी असती तर तिने हेच केलं असतं आणि रात्री निवांत झोपली असती.

तिसरा पर्याय चौकोनच लहान करायचा. कापायचं माप १० केलं तर ४ गुणिले १० म्हणजे ४०, सव्वाएक्केचाळीसमधे आरामात. साड्यांचे चौकोन शिवलेले होते पण चारही बाजूंनी पाव-पाव इंच छाटता आले असते, मधला जोड मधेच राहिला असता. गोधडी ८६ बाय साडेपंचाण्णव झाली असती, पलंगाला पुरेशी. आणि कापड? ९ ओळींचे ९०, बॉर्डर साडेएकोणपन्नास, गोट २५, एकूण साडेएकशेचौसष्ट. बसत होतं, वर साडेतीन इंच उरत होतं!! फक्त एक ओळ आधीच साडेदहाने कापून झाली होती, तिच्यातून तीनच चौकोन आले, म्हणजे उरलेल्या ३३ ला परत ९ ओळी आणि बेरीज १७५. सात इंच कमी. मावशींनी ती एक ओळ कापायच्या आधी मी पन्हा मोजला असता तर सगळा प्रश्न तिथेच मिटत होता, या हिशोबाने मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

चौथा पर्याय रात्री सुचला, तोही मला नाही, मावशींना. म्हणजे त्यांनी पर्याय म्हणून नाही सांगितला, नुसतं म्हणाल्या की ताई, तीन-तीन चौकोन काढले तर बाजूला पावणेदहाची चिंधी उरतीय लांबच्या लांब, तिचं काय करायचं? आणि डोक्यात दिवा पेटला. आम्ही सगळ्या पट्ट्या आडव्या कापत होतो, पन्ह्यातून. पण ती बाजूची उरलेली पट्टी जर ओळीओळीने न तोडता उभीच काढली तर ती बॉर्डरलाच लागते की.

काय केलं

वर्तमानपत्रावर नकाशा काढला, एक चौकट म्हणजे एक इंच असं नाही, साधारणच, पण आकडे लिहून. उरलेल्या ११ ओळींची लांबी साडेएकशेपंधरा इंच. आधी बाजूची पावणेदहाची पट्टी तेवढ्या लांबीची उभी फाडून घेतली, तिच्यातून साडेपाचची बॉर्डर काढली. मग राहिलेल्या साडेएकतीस इंचाच्या भागातून तीन-तीन करत ३३ चौकोन. बॉर्डरला ३६२ इंच लागत होते, त्यातले साडेएकशेपंधरा उभ्या पट्टीने दिले, आडव्या पट्ट्या ९ ऐवजी ६ पुरल्या. तरी जोडाच्या शिवणी धरून सव्वादोन-अडीच इंच कमी येत होतं, ते त्या पहिल्या बिघडलेल्या चौथ्या तुकड्याने भरून काढलं. त्याची साडेपाच बाय साडेदहाची पट्टी केली आणि खालच्या कोपऱ्यात जोडली.

एक फायदा असाही झाला की ताण्याच्या, म्हणजे कापडाच्या लांबीच्या, दिशेने कापलेली पट्टी आडवीपेक्षा कमी ताणली जाते, त्यामुळे त्या बाजूची बॉर्डर एकदम सपाट बसली, लाटा आल्या नाहीत. आणि प्रिंट नुसत्या ठिपक्यांचं होतं म्हणून हे जमलं. वेल असती किंवा एका बाजूला तोंड केलेले मोर असते तर उभी पट्टी आडवी पडलेली दिसली असती आणि मग काही खरं नव्हतं.

एवढं करूनही, आणि गोटाच्या १० पट्ट्यांतल्या दोन त्या उभ्या पट्टीच्या उरलेल्या भागातून धरूनही, गोटासकट बेरीज १७९ जात होती, ११ इंच जास्त. गोट बाहेर काढला की १५९. म्हणजे गोट दुसऱ्या कापडाचा. इथे नातीशी बोलावं लागलं. आधी वाटलं कशाला सांगायचं, डिझाइनमधे बदल सुचवते असं म्हणावं, कोणाला कळणार आहे. मग फोन केला आणि सरळ सांगितलं की माझी चूक झाली, पन्हा न मोजता घेतलं.

ती दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "म्हणजे काकू, माझा भागाकारपण चुकला आणि तुमचापण?"

म्हणलं, "हो. तुझा जास्त चुकला, पण कापड माझ्या चुकीने संपलं."

तिला गोट आजीच्या इरकलीचा हवा होता, लालभडक काठ बाहेरून दिसेल म्हणून. इथे मी ऐकलं नाही. गोधडीचा गोट सगळ्यात आधी झिजतो, दर वेळी ओढताना हात तिथेच पडतो, आणि पन्नास वर्षांची साडी तिथे लावली तर वर्षभरात भोकं. इरकलीचा काठ कोपऱ्यातल्या चार चौकोनांत घातला आणि गोटाला लालसर मरून पॉपलीन, नवं. पन्हा ३६, हातात ३५ धरला, अडीच इंची १२ पट्ट्या, ३० इंच. एक मीटर घेतलं. या वेळी दुकानात टेप काढला आणि तीन ठिकाणी मोजलं, दुकानदार बघतच राहिला. त्याचे पैसे मी भरले.

मागची बाजू पटकन सांगते. मागे ९४ बाय १०४ चं कापड लागतं, भरताना कडेने दोन-दोन इंच जास्त असलेलं बरं. नात म्हणत होती तयार डबलबेडची चादर लावू, पण चादरीची वीण घट्ट असते, हाताच्या सुईला जात नाही, बोटं सोलून निघतात. एका साडीचे ९४ इंचाचे दोन लांब तुकडे आडवे लावले, ४४ आणि ४४, आणि दोन्हींच्या मधे दुसऱ्या साडीची १७ इंचाची पट्टी. दोन शिवणींत एक इंच गेला, राहिले १०४. उभे तुकडे लावले असते तर १०४ चे तीन लागले असते, म्हणजे विनाकारण दुसरी साडी पण निम्मी संपली असती. आत आजोबांची धोतरं जोडून एक थर. पुण्याच्या थंडीला तेवढं पुष्कळ होतं.

शेवटी झालं काय

गोधडी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दिली. गणपतीत चार दिवस बुडालेच, पुढे दोघी रोज तास-दीड तास जास्त बसल्या, त्याचे वेगळे पैसे दिले, ते माझ्या फायद्यातून गेले. नातीला ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त लावला नाही.

तयार माप ८८ बाय साडेसत्त्याण्णव आलं. हे अपेक्षितच होतं, धावदोरा जवळ जवळ घातला की गोधडी स्वतःला आत ओढून घेते. गादी झाकून दोन्हीकडे दोन-दोन इंच खाली येते. मरून गोट निळ्यापेक्षा छान दिसला हे मान्य करावं लागतं, मुद्दामच केलाय असं सगळ्यांना वाटलं. बॉर्डरमधला तो जोडलेला तुकडा कोणाला दिसला नाही. म्हणजे आजींना सोडून.

मी कार्यक्रमाला गेले होते, नातीने आग्रह केला म्हणून. जेवणं झाल्यावर आजींनी गोधडी मांडीवर घेतली, वितीने मोजत मोजत कडेने हात फिरवला आणि त्या कोपऱ्यापाशी थांबल्या. "इथं कमी पडलं होय?" मी म्हणलं हो आजी. तर म्हणतात, एवढं नवं कापड विकत कशाला आणलं, आम्ही कधी गोधडीला कापड विकत नाही आणलं, घरात जे निघेल ते जोडत जायचं, संपलं की गोधडी झाली. त्यांच्या हिशोबात कापड आधी आणि माप नंतर. आम्ही ९० बाय १०० आधी लिहिलं आणि मग कापडाला त्यात बसवायला लागलो.

उरलेल्या तीन साड्या त्यांनी परत घेतल्या नाहीत. त्यांची एक हलकी गोधडी पाहिजे, पायावर घ्यायला. किती मोठी करू विचारलं तर हाताने नुसतंच साधारण दाखवलं.

परत करायचं झालं तर

पन्हा मी स्वतः मोजणार, दुकानात, टेपने, आणि त्यातून कडांचा एक इंच आणि धुण्याचे सव्वा-दीड इंच वजा करून मगच भागाकार. ४४ असेल तर ४१ धरायचे. भागाकार जर बरोब्बर पूर्ण आला, शेष शून्य, तर खूश न होता माप बदलायचं, चौकोन अर्ध्या इंचाने लहान करायचा.

त्याहून मोठी गोष्ट, चौकोनाचं माप कापड धुऊन वाळल्यावरच ठरवायचं. १० इंच हा आकडा कुठून आला होता? बेरीज सोपी पडते म्हणून. कापडाला त्याचं काही नव्हतं. आणि साड्यांचे ३६ चौकोन आधी शिवून ठेवायची घाई नडली, निळं धुऊन मोजल्यावर साड्या कापल्या असत्या तर साडेनऊ इंची चौकोन पहिल्यापासूनच करता आले असते आणि छाटायचा प्रश्नच आला नसता.

हातरंगाईचं कापड असेल तर ताग्याचा शेवट घेऊनच टाकायचा. मिलच्या प्लेन कापडाला मी अजूनही घेणार नाही, तो रंग महिन्याभराने जाऊनही मिळतो.

नऊ इंच निळं उरलं होतं, पन्ह्याएवढं लांब. ते गुंडाळून मरूनच्या दोन पट्ट्यांसकट गोधडीबरोबर आजींना दिलं, पुढे कुठे विरलं तर ठिगळाला त्याच लॉटचं कापड हाताशी असावं म्हणून.